विधिशास्त्र: कायद्याच्या नव्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन आणि पाच वर्षांच्या, अशा दोन्ही अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रश्नांचे शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. विधिशास्त्रात कलमंच नाहीत. मग शिकायचं काय?

करार वैध कधी होतो, हे करार कायदा सांगतो. विधिशास्त्र त्याच्याही मागे जाऊन विचारतं: मुळात कायदा कशाला म्हणायचं? तो येतो कुठून? न्यायाधीशाला त्यात भर घालता येते का? हक्क, मालकी, व्यक्ती हे शब्द आपण प्रत्येक कायद्यात वापरतो, त्यांचा अर्थ काय? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि पाठ केलेले कलमांचे आकडे एका दिवसात जुने झाले. शिक्षा कशासाठी द्यायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो विधिशास्त्राचा आहे.

२. वकिली करताना याचा खरंच उपयोग होतो का?

होतो. कोर्टात उभं राहून ऑस्टिनचं नाव घ्यायची वेळ क्वचितच येईल. पण समोरच्या वकिलाने दाखवलेला निकाल आपल्या प्रकरणाला का लागू होत नाही, हे सांगणं रोजचं काम आहे (प्रश्न १०). अशिलाकडे ताबा आहे की मालकी, हे पहिल्याच भेटीत ओळखावं लागतं (प्रश्न १४).

३. सगळे 'स्कूल' (विचारवंतांचे संप्रदाय) डोक्यात गोळा होतात. सुरुवात कुठून करू?

नावं आणि सनावळ्या पाठ करून सुरुवात करू नका. यातला प्रत्येक विचारवंत कोणाशी तरी वाद घालतो आहे. आधी तो वाद शोधा. हार्ट ऑस्टिनच्या चुका दाखवतो. फुलर आणि ड्वर्किन हार्टला आव्हान देतात. सॅव्हिनी थिबोच्या संहितेच्या मागणीला उत्तर देतो. वाद कळला की विचार आपोआप लक्षात राहतो.

माझा सल्ला असा की ऑस्टिन, हार्ट, फुलर, ड्वर्किन या क्रमाने आधी वाचा. केल्सन, ऐतिहासिक संप्रदाय, समाजशास्त्रीय संप्रदाय आणि वास्तववाद नंतर. आणि एक भारतीय निकाल निवडून प्रत्येक विचारवंताला त्याच निकालाबद्दल विचारा: तू इथे काय म्हणाला असतास? त्यासाठी प्रश्न ७ मधला निकाल घ्या.

४. ऑस्टिन म्हणतो, कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा. मग भारतात सार्वभौम कोण?

ऑस्टिनने १८३२ साली मांडलेली व्याख्या तीन भागांची आहे: आज्ञा, ती देणारा सार्वभौम आणि आज्ञा मोडल्यास शास्ती. त्याचा सार्वभौम असा की बहुसंख्य लोक सवयीने त्याचं ऐकतात, पण तो स्वतः कोणाचं ऐकत नाही. शिवाय त्याच्या सत्तेला कायद्याची मर्यादा असू शकत नाही.

आता भारतात असा कोणी शोधून बघा. संसद म्हणावं, तर २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं की घटनादुरुस्ती करतानाही संसदेला संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६८ मध्ये लिहून टाकलं की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या सत्तेला कोणतीही मर्यादा नाही. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भागच रद्द केला. मग न्यायालय सार्वभौम का? तेही नाही, त्याचे अधिकार संविधानानेच दिलेले आहेत. 'आम्ही भारताचे लोक' म्हणावं, तर आज्ञा देणारे आणि पाळणारे एकच होतात आणि व्याख्या कोसळते.

परीक्षेत 'भारतात संविधान सार्वभौम आहे' असं सर्रास लिहिलं जातं. ऑस्टिनच्या चौकटीत ते चूक आहे, कारण त्याला सार्वभौम म्हणून ठरावीक माणूस किंवा माणसांचा समूह हवा, दस्तऐवज नाही. भारतात ऑस्टिनच्या अर्थाने सार्वभौम सापडतच नाही, असं कारणांसह लिहा.

५. हार्टने ऑस्टिनपेक्षा नवीन काय सांगितलं?

बंदूक रोखून पैसे मागणारा दरोडेखोरही आज्ञा देतो आणि धाकही दाखवतो. मग कर वसूल करणारा अधिकारी त्याच्याहून वेगळा कसा? हार्टचं १९६१ चं उत्तर असं की कायदा नियमांनी बनतो, आज्ञांनी नाही. काही नियम प्राथमिक असतात: चोरी करू नका, कर भरा. काही दुय्यम असतात आणि ते नियमांबद्दलच बोलतात: कायदा कसा करायचा, कसा बदलायचा, वाद कोणी निवडायचा. यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ओळखीचा नियम. या देशात कोणती गोष्ट कायदा म्हणून मोजायची, हे तो ठरवतो.

मृत्युपत्र करण्याचा कायदा घ्या. साक्षीदारांच्या सह्या नसतील तर शिक्षा होत नाही, मृत्युपत्र फक्त निष्फळ ठरतं. ही आज्ञा नाही, माणसाला दिलेली एक सत्ता आहे. ऑस्टिनला हे नीट सांगता आलं नाही आणि हार्टचा घाव नेमका तिथे बसतो.

६. केल्सनचा ग्रुंडनॉर्म म्हणजे आपलं संविधानच ना?

नाही. ही चूक फार पसरलेली आहे. केल्सनच्या मते प्रत्येक नियमाला वैधता त्याच्या वरच्या नियमाकडून मिळते: ग्रामपंचायतीच्या उपविधीला अधिनियमाकडून, अधिनियमाला संविधानाकडून. संविधानाला कोणाकडून? तिथे केल्सन म्हणतो की 'संविधानाप्रमाणे वागावं' हे आपल्याला गृहीत धरावं लागतं. ते गृहीतक म्हणजे ग्रुंडनॉर्म. संविधान लिहिलेलं असतं; ग्रुंडनॉर्म कुठेही लिहिलेला नसतो.

याचा सर्वांत चर्चिलेला वापर पाकिस्तानात झाला. १९५८ च्या दोसो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केल्सनच्या आधारावर म्हटलं की यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायद्याचा नवा आधार बनते, आणि लष्करी राजवटीला मान्यता दिली. १९७२ मध्ये आसमा जिलानी खटल्यात त्याच न्यायालयाने हा निकाल फिरवला. केल्सन कायद्याचं वर्णन करत होता. सत्ता बळकावणाऱ्याला मान्यता देण्याचं सूत्र त्याने लिहिलं नव्हतं.

७. अन्यायकारक कायदा हा कायदा असतो का?

विधिशास्त्रातला सगळ्यात जुना प्रश्न हाच आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही, म्हणून इथे थोडं थांबू.

नाझी जर्मनीत १९४४ साली एका बाईने नवऱ्याने हिटलरविरुद्ध काढलेल्या उद्गारांची खबर दिली आणि नवऱ्याला शिक्षा झाली. युद्धानंतर तिच्यावर खटला चालला. तिचं म्हणणं होतं की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मी योग्यच वागले. जर्मन विधिज्ञ राडब्रुखने १९४६ मध्ये लिहिलं होतं की अन्याय असह्य पातळीला पोहोचला की तो नियम कायदा राहत नाही. १९५८ मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये हार्ट आणि फुलर यावरच भिडले. हार्टचं मत: तो कायदाच होता, पण इतका वाईट की पाळण्याजोगा नव्हता, तिला शिक्षा करायचीच असेल तर उघडपणे पूर्वलक्षी कायदा करा, तो कायदा नव्हताच असं भासवू नका. फुलरचं मत: गुप्त, परस्परविरोधी, मनमानी नियमांचा ढीग म्हणजे कायद्याची व्यवस्थाच नव्हे, कायद्याला स्वतःची एक अंतर्गत नैतिकता असते.

आपल्याकडे हा प्रश्न आणीबाणीत उभा राहिला. राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला होता. 'मिसा' या प्रतिबंधक अटकेच्या कायद्याखाली कोठडीत असलेल्यांना हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटक कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावं असा, अर्ज करता येतो का, हा एडीएम जबलपूर खटल्यातला मुद्दा होता. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या बाजूने कौल दिला होता. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी तो उलटवला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलं की पोलिसाने एखाद्याचा बेकायदा जीव घेतला तरी उपाय नाही का. आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं.

विरोधी मत एकट्या खन्नांचं. ते वाचताना काळजी घ्या. बरेच विद्यार्थी 'खन्ना म्हणजे नैसर्गिक कायदा (कायदा नीतीवर तपासणारा), बहुमत म्हणजे विश्लेषणवाद (कायदा आणि नीती वेगळे ठेवणारा)' असं लिहून मोकळे होतात. खन्नांचा युक्तिवाद त्याहून बारीक आहे. कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येत नाही, हे तत्त्व संविधानाच्या आधीपासून आपल्या कायद्यात होतं. अनुच्छेद २१ हा त्याचा एकमेव आधार नाही. म्हणजे ते कायद्याबाहेरच्या नीतीकडे गेलेच नाहीत, कायद्याच्या आतच त्यांना उत्तर सापडलं. हार्टचा अनुयायीही हे मत मान्य करू शकतो. उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलंत तरी वाचणाऱ्याला कळेल की तुम्ही निकाल स्वतः वाचला आहे.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ ची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला.

८. समाजाला अनैतिक वाटतं म्हणून एखादी गोष्ट गुन्हा ठरवता येते का?

हा प्रश्न सातव्यापेक्षा वेगळा आहे, दोन्ही एकत्र करू नका. इंग्लंडमध्ये १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाने प्रौढांमधले संमतीचे खासगी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळावेत असं सुचवलं. न्यायाधीश डेव्हलिन म्हणाले, समान नैतिकता सुटली तर समाज विस्कळीत होतो. हार्ट म्हणाले, बहुमताची नापसंती शिक्षेसाठी पुरेशी नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालात असे संबंध गुन्ह्यातून वगळताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समाजाच्या नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकता वर ठेवली. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी संवैधानिक नैतिकतेचा उल्लेख केला होता, पण तिथे विषय प्रशासनाचा तपशील संविधानात का घालावा हा होता. दोन्ही संदर्भ वेगळे ठेवा.

९. रूढी कायदा कधी होते? आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, ते कायदेशीर आहे का?

हिंदू विवाह कायद्यात भाऊ आणि बहिणीची मुलं एकमेकांच्या निषिद्ध नात्यात येतात, म्हणून आत्तेभाऊ आणि मामेबहीण यांचं लग्न एरवी चालत नाही. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर लग्न वैध. 'दोघांनाही' हा शब्द महत्त्वाचा.

'आमच्यात चालतं' एवढं सांगून भागत नाही. रूढी दीर्घकाळ, सलग आणि एकसारखी पाळलेली हवी, निश्चित हवी, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसावी. ती सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर. इंग्लंडमध्ये रूढी ११८९ पासूनची मानली जावी लागते; ती अट आपल्याकडे तशीच लागू होत नाही.

भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६५ चा निकाल इथे जरूर वाचा. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप होता आणि दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने झाल्याचं सांगण्यात आलं. होम आणि सप्तपदी झालेली नव्हती. या विधींऐवजी दुसरे विधी पुरेसे आहेत अशी रूढीही सिद्ध झाली नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने दुसरं लग्नच झालं नाही आणि आरोपी द्विभार्या गुन्ह्यातून सुटला. पहिल्या बायकोच्या बाजूने पाहिलं तर हा निकाल बोचतो, आणि तो बोचायलाच हवा.

सॅव्हिनी इथेच आठवतो. १८१४ मध्ये त्याने मांडलं की कायदा लोकांच्या जाणिवेतून उगवतो, तो वरून लादू नये. महाराष्ट्रासाठी त्याला विचारण्याचा प्रश्न असा: जातिव्यवस्थेने घडवलेल्या समाजात ही जाणीव नेमकी कोणाची?

१०. निकालातला रेशिओ कसा शोधायचा? सगळंच महत्त्वाचं वाटतं.

निर्णयासाठी आवश्यक असलेलं कायद्याचं तत्त्व म्हणजे रेशिओ. बाकीचं ऑबिटर. एक चाचणी करून बघा: ते विधान उलट करा. तरीही निकाल तोच राहत असेल तर बहुधा ते ऑबिटर आहे. निकालाला दोन स्वतंत्र कारणं दिली असतील तर ही चाचणी फसते, कारण एक उलटवलं तरी दुसऱ्यावर निकाल टिकतो. तिथे दोन्ही रेशिओ मानतात.

सराव १९३२ च्या डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सनवर करा. जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. रेशिओ 'बाटलीत गोगलगाय नसावी' इतका अरुंद मांडता येतो किंवा 'शेजाऱ्याची काळजी घ्या' इतका रुंदही. खरा रेशिओ मध्ये आहे: माल मधे तपासता येणार नाही अशा अवस्थेत ग्राहकापर्यंत पोहोचवणाऱ्या उत्पादकावर काळजी घेण्याचं कर्तव्य असतं.

११. न्यायाधीश कायदा करतात की फक्त सांगतात?

१९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ चा कायदा येईपर्यंत तीच कायदा म्हणून लागू होती. याला 'फक्त सांगणं' म्हणता येणार नाही.

ड्वर्किन मात्र वेगळं बोट ठेवतो. न्यूयॉर्कच्या १८८९ च्या रिग्ज विरुद्ध पामर खटल्यात मृत्युपत्रात नाव असलेल्या नातवाने आजोबांचा खून केला होता. त्याला वारसा मिळू नये असा नियम लिहिलेला नव्हता. 'स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा घेता येत नाही' या तत्त्वाने न्यायालयाने तो नाकारला. ड्वर्किन म्हणतो, ही तत्त्वंही कायद्याचाच भाग आहेत. मुंबई इलाख्यातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपिलीय न्यायालय) गेलेल्या १९२४ च्या केंचव्वा खटल्यातही न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांच्या आधारे खुन्याला वारसा नाकारला गेला. नंतर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये हाच नियम आला. आधी तत्त्व, मग निकाल, मग कलम. ड्वर्किनच्या उत्तरात हे भारतीय उदाहरण फारसं कोणी देत नाही, तुम्ही द्या.

१२. वास्तववाद म्हणजे न्यायाधीशाच्या मूडवर निकाल?

नाही. अमेरिकन न्यायाधीश होम्सने १८९७ मध्ये वकिलाच्या बाजूने पाहिलं: न्यायालयं प्रत्यक्षात काय करतील याचा अंदाज म्हणजे कायदा. मुद्दा एवढाच की पुस्तकातला नियम आणि कोर्टातला निकाल यांत अंतर असतं आणि ते अभ्यासायला हवं. उच्च न्यायालयात न्यायाधीशांचं रोस्टर बदललं की अनुभवी वकील ते आधी का बघतात, याचा विचार करा.

१३. हक्क, मुभा, सत्ता: होहफेल्डचं कोष्टक कळत नाही.

'हक्क' या एका शब्दात दडलेली वेगवेगळी कायदेशीर नाती होहफेल्डने त्या कोष्टकात सुटी केली. कोष्टक बाजूला ठेवा आणि शेतातली वाट घ्या. तुम्ही शेजाऱ्याच्या बांधावरून तुमच्या शेतात जाता.

त्याने 'जात जा' म्हणून परवानगी दिली असेल तर तुमच्याकडे फक्त मुभा आहे. परवानगी आहे तोवर तुम्ही जाता ते बेकायदा नाही, पण वाट कायम ठेवण्याचं कर्तव्य त्याच्यावर नाही. सहसा तो परवानगी काढून घेऊ शकतो. ती त्याची सत्ता आणि तुम्ही त्या सत्तेच्या अधीन. पण तुम्ही उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, २० वर्षं खंड न पडता ती वाट वापरली असेल तर सुविधाधिकार मिळू शकतो. आता तुमच्याकडे खरा हक्क आहे आणि वाट न अडवण्याचं कर्तव्य त्याच्यावर. परवानगी काढून घ्यायची सत्ता त्याच्याकडे उरली नाही. ते तुमचं संरक्षण.

लक्षात घ्या, परवानगीने वापरलेली वाट कितीही वर्षं वापरली तरी 'हक्क म्हणून' वापरलेली ठरत नाही. तहसीलदारांपुढचे वाटेचे अनेक दावे नेमके या फरकावर फिरतात.

१४. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे ना?

नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकी खरेदीखत, वारसा, वाटप यांतून येते. फेरफाराने ती निर्माण होत नाही.

ताब्याचं महत्त्व मात्र कमी समजू नका. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे, संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून ताब्यातून हुसकावलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, अगदी खऱ्या मालकाविरुद्धही. सरकारविरुद्ध हा दावा चालत नाही. मालकाने मालकीचा दावा वेगळा लावावा, पण दांडगाई करू नये, हा त्यामागचा विचार आहे.

१५. मूर्ती, नदी, गर्भातलं मूल, फर्म: यातली कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' कोण?

मूर्ती: होय, प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मलिक खटल्यात मानलं. २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला विराजमान यांना व्यक्ती मानलं, पण जन्मस्थानाच्या जमिनीला स्वतंत्र व्यक्ती मानायला न्यायालयाने नकार दिला. हा फरक हमखास सुटतो.

नदी: मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

गर्भातलं मूल: वारशापुरतं, आणि जिवंत जन्माला आलं तरच. मृत व्यक्ती: नाही, तरी तिची बदनामी विशिष्ट परिस्थितीत गुन्हा ठरते. कंपनी: होय. साधी भागीदारी फर्म: नाही. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी): होय.

१६. सर्वोच्च न्यायालयाच्या समान संख्येच्या दोन पीठांचे निकाल परस्परविरोधी असतील तर?

आधीचा निकाल बंधनकारक. तो पटत नसेल तर नंतरच्या पीठाने प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवायचं, स्वतः उलटा निकाल द्यायचा नाही. २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने मोटार अपघात भरपाईच्या संदर्भात हे स्पष्ट केलं. मूट कोर्टात (सरावाच्या खटल्यात) याची तयारी करून जा.

१७. व्यक्तिगत कायदा हा अनुच्छेद १३ मधला 'कायदा' आहे का?

व्यक्तिगत कायदा म्हणजे लग्न, वारसा अशा बाबींत धर्माप्रमाणे लागू होणारा कायदा; मूलभूत हक्कांशी विसंगत 'कायदा' अनुच्छेद १३ ने रद्द ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात 'नाही' म्हटलं. पीठावर छागला आणि गजेंद्रगडकर होते. वाद द्विभार्या प्रतिबंध करणाऱ्या मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्यावर होता. अर्थ असा की संहिताबद्ध न झालेला व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाही. २०१७ च्या शायरा बानो खटल्यात न्या. नरिमन यांनी तोंडी तिहेरी तलाक १९३७ च्या शरियत अधिनियमाने लागू झालेला मानून हा प्रश्न टाळला. २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी नरसूवर कडक टीका केली.

माझ्या मते नरसूचा आधार आज डळमळीत आहे: अनुच्छेद १३ रूढीलाही कायदा मानतो, मग रूढीवर उभा असलेला व्यक्तिगत कायदा वगळायचा कसा? गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिताना एक भेद ठेवावा. तिथला १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा संहिताबद्ध आहे आणि गोवा मुक्तीनंतर संसदेच्या १९६२ च्या कायद्याने तो चालू राहिला, म्हणून नरसूचा युक्तिवाद त्याला सरळ लावता येत नाही.